एकाहत्तर बाकी आहे

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलो आहे, आणि खरं सांगायचं तर हातात पेन्सिल धरून. कुठे वेळ जुळत नाही, कुठे सांगणारा स्वतःच अर्धवट झोपेत होता, कुठे सगळं 'मित्राच्या मामानं पाहिलं होतं'... समासात खुणा करत मी वाचायचो आणि अंक बाजूला ठेवायचो. मी ग्रंथपाल आहे. रायपूरच्या एका कॉलेजात बावीस वर्षं पुस्तकं सांभाळतो आहे. संदर्भ दिल्याशिवाय कुणी काही सांगितलं की मला बेचैन व्हायला होतं.

त्यात आमचं घर बौद्ध. मूळ भंडाऱ्याकडचं. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांनी धम्म स्वीकारला त्या दिवशी घरातले सगळे गंडेदोरे, ताईत, दाराची लिंबू-मिरची गोळा केली. कुणीतरी म्हणालं, नदीत सोडा. आजोबा म्हणाले, नदीत सोडलं तर पुन्हा मान दिल्यासारखंच झालं. त्यांनी ते चुलीत घातलं आणि त्या जाळावर चहा करून प्यायले. ही गोष्ट आमच्याकडे दर पिढीला सांगतात. आमच्या घरात भूत नाही, पितर नाहीत, कावळ्याची वाट पाहणं नाही. मीही कधी मानलं नाही. आजही मानत नाही.

तरीही हे लिहितो आहे. लिहायला सात महिने लागले, कारण हल्ली एका बैठकीत चार ओळींपेक्षा जास्त जमत नाही.

माझी पत्नी वंदना स्टेशन मास्तर होती. रायपूरपासून तासाभराच्या अंतरावर एक छोटं स्टेशन आहे, तिथे. नाव देत नाही, तिथल्या माणसांना त्रास नको. छोटं असलं तरी त्यावरून गाड्या खूप जातात, मालगाड्या तर एकामागून एक. बारा तासांची ड्यूटी करून ती समता कॉलनीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी यायची तेव्हा तिचा चेहरा शांत असायचा, पण तिला काहीही विचारायची सोय नसायची. म्हणजे अगदी काहीही.

"पोळी करू की भात लावू?" मी विचारायचो.

"ऐका ना जी," ती चपला काढता काढता म्हणायची, "दिवसभर ठरवूनच येऊन राहिली मी. कोणती गाडी थांबवाची, कोणती सोडाची. आता मले काहीच विचारू नका. जे टाकाल ते खाईन."

तेव्हा मला हे नखरे वाटायचे. मग एकदा गोल बाजारात तिच्यासाठी डबा घ्यायला गेलो. ड्यूटीवरून थेट आली होती. दुकानदारानं दोन डबे समोर ठेवले, एक गोल, एक चपटा. वंदना वीस मिनिटं त्या दोन डब्यांकडे पाहत उभी राहिली. झाकण उघडायची, लावायची, परत उघडायची. शेवटी दुकानदार म्हणाला, "दीदी, डिब्बा है, दामाद थोड़ी पसंद कर रही हो!" सगळे हसले, तीही हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "दिमाग संपून गेला जी माझा. डबा दिसून राहिला, पण कोणता पाहिजे ते समजूनच नाही राहिलं." जी बाई दिवसभर शेकडो माणसांनी भरलेल्या गाड्या बिनचूक पुढे पाठवत होती, तिला एक डबा निवडता येत नव्हता. त्या दिवसापासून मी नखरे म्हणणं बंद केलं.

आता एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेल्वेत प्रायव्हेट नंबर नावाचा प्रकार असतो. गाडी यायची असली की स्टेशन मास्तर फाटकावरच्या गेटमनला फोन करतो, फाटक बंद करायला सांगतो. गेटमन फाटक बंद करतो आणि ते झाल्याची खूण म्हणून एक दोन आकडी नंबर देतो. हा नंबर त्याच्याजवळच्या छापील कागदावरून, वरून खाली क्रमानं द्यायचा. दिला की खोडायचा. एकदा दिलेला नंबर पुन्हा चालत नाही. मास्तर तो वहीत लिहितो, आणि मगच सिग्नल देतो. तोंडानं नुसतं 'हो, बंद केलं' म्हटलेलं चालत नाही.

मी तिला एकदा विचारलं होतं, 'हो' म्हटलेलं का चालत नाही?

"थकलेल्या माणसाले 'हो' म्हणाले काही लागते का जी? झोपेतही म्हणते तो. पण नंबर द्याचा म्हणजे उठा लागते, कागद पाहा लागते, बोट ठेवा लागते. तेवढ्यात अर्धी झोप उतरते त्याची."

मग तिनं तो नियम घरात आणला. एका कागदावर तिनं आपल्या मनानं उलटसुलट दोन आकडी नंबर लिहिले आणि तो कागद बेडरूममधल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. नियम असा: मोठी गोष्ट असली आणि माणूस दमलेला दिसला, तर समोरच्यानं म्हणायचं, "नंबर दे." दमलेल्यानं उठून कपाटापर्यंत जायचं, पुढच्या नंबरावर बोट ठेवायचं आणि विचार करायचा. पटलं तर नंबर सांगून खोडायचा. उठवत नसेल, किंवा बोट ठेवूनही तोंडातून नंबर निघत नसेल, तर ती गोष्ट आज ठरणार नाही. उद्या.

हसू नका. हे घर आम्ही तसंच घेतलं. सलोनी, आमची एकुलती एक मुलगी, बारावीनंतर भूगर्भशास्त्र घेणार म्हणाली तेव्हा तिनंही कपाटापाशी जाऊन नंबर दिला होता. एकदा वंदनाचे मोठे भाऊ, दिलीपभाऊ, त्यांच्या मुलाच्या साखरपुड्याचे पन्नास पाहुणे आमच्या घरी उतरवणार म्हणत होते. ही ड्यूटीवरून आलेली, सोफ्यावर पडल्या पडल्या "हो हो, होऊन जाईल" करत होती. मी म्हटलं, नंबर दे. तिनं एक डोळा उघडला. "नाही देत," म्हणाली, आणि झोपून गेली. दिलीपभाऊंनी तो अपमान कित्येक दिवस मनात ठेवला होता.

जूनमधली गोष्ट. रात्रपाळी करून वंदना सकाळी नऊला घरी आली. पाठ भरून आली आहे म्हणाली. मळमळतंही होतं. मी विचारलं, "डॉक्टरकडे जाऊ या का?"

"नको जी. झोपू द्या मले. उठल्यावर पाहू."

"बरं," मी म्हटलं.

मी नंबर मागितला नाही. मोठी गोष्ट वाटलीच नाही. रात्रपाळीनंतर पाठ दुखतेच, पित्तही होतं. मी कूलरमध्ये पाणी भरलं, दार ओढून घेतलं, आणि कॉलेजात सुट्टी होती म्हणून बाहेरच्या खोलीत वाचत बसलो. खाली दातांचा दवाखाना आहे, त्याच्या मशीनचा आवाज येत होता. तिची झोप मोडेल म्हणून मी खाली जाऊन थोडं हळू करा असंही सांगून आलो. साडेबाराला चहा घेऊन आत गेलो तेव्हा... हृदय बंद पडून बराच वेळ झाला होता, असं डॉक्टर म्हणाले.

याच्यावर जास्त लिहिता येत नाही.

त्यानंतरचे दिवस. ज्यांच्या घरी असं झालं आहे त्यांना हे माहीत असेल, पण कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. माणूस गेल्यावर रडायला वेळ मिळतो असं वाटतं. नाही मिळत. ठरवायचं असतं. जलदान विधी घरी की विहारात, कोणत्या दिवशी, फोटो कोणता मोठा करायचा, तिचा गणवेश कुणाला द्यायचा की ठेवायचा, मोबाइल नंबर चालू ठेवायचा का, कोणत्या कार्यालयात कोणता कागद. दिवसाला शंभर प्रश्न, आणि प्रत्येकाचं तोंड माझ्याकडे. तीन आठवड्यांत माझ्या डोक्याची अवस्था गोल बाजारातल्या वंदनासारखी झाली. दुधाच्या निळ्या आणि हिरव्या पिशवीसमोर मी उभा राहायचो. एकदा तर दोन पायांत दोन वेगवेगळे बूट घालून कॉलेजात गेलो आणि ते दुपारी एका विद्यार्थिनीनं सांगितलं.

मग मी सोपा मार्ग काढला. 'हो' म्हणायला लागलो. सगळ्याला. हो म्हटलं की समोरचा निघून जायचा. वरच्या मजल्यावरच्या वर्मा आंटी म्हणाल्या, "भैया, दरवाज़े पे एक काला धागा बाँध दूँ? घर में अचानक मौत हुई है, अच्छा नहीं होता." मी हो म्हटलं. माझ्या दाराला! आजोबांनी ज्याच्या जाळावर चहा करून प्यायला होता, तसला दोरा माझ्या दाराला बांधला गेला आणि मी आत बसून बघत होतो.

आणि असंच 'हो' मी दिलीपभाऊंनाही म्हटलं.

नोकरीत असताना रेल्वेचा माणूस गेला तर घरातल्या एकाला अनुकंपेवर नोकरी मिळू शकते. माझी नोकरी होती, राहिली सलोनी. तिचं बी.एस्सी. नुकतंच झालं होतं आणि दुसऱ्या शहरात एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला होता. ते ती गेली तीन वर्षं डोळ्यांसमोर ठेवून होती. घरभर दगड. खिडकीत दगड, पुस्तकांवर दगड. प्रवेश घ्यायची शेवटची मुदत पंधरा दिवसांवर आली होती. नोकरी धरली तर ते सुटणार होतं, एवढी साधी गोष्ट होती.

दिलीपभाऊ वाईट माणूस नाहीत. स्टील प्लांटमध्ये तीस वर्षं काढली आहेत, आणि बहिणीच्या जाण्यानं ते आतून हलले होते. त्यांची काळजी त्यांच्या पद्धतीची. गुरुवारी दुपारी ते अर्ज भरूनच घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी कागद पसरले.

"जिजाजी, फक्त तुमची सही राहिली. तिथले रेल्वेचे साहेब उद्यापासून सुट्टीवर चालले. आजच देऊन येऊ."

मी म्हटलं, "सलोनीचं कॉलेज..."

"अरे बाप्पा, सरकारी नोकरी घरात चालून येऊन राहिली, अन् तुम्ही पोट्टीले दगड पाहाले पाठवता? वंदनाची आठवण म्हणून तरी राहू द्या ना रेल्वे घरात. काय गं सलोनी, मी चुकीचं बोलून राहिलो का?"

सलोनीला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदी. इथली सगळी मुलं तशीच. ती ओट्यापाशी आमच्यासाठी चहा करत होती. आई गेल्यापासून घरातला प्रत्येक फोन तिनं घेतला होता, प्रत्येक पाहुण्याला पाणी दिलं होतं. पाठमोरी राहूनच म्हणाली, "ठीक है मामा. कर दूँगी नौकरी. पापा, साइन कर दो."

तिनं आपल्या जागी सही आधीच केली होती. मी पेन उचललं. मला काही वाटत नव्हतं, हे मला नेमकं आठवतं. दुःख नाही, शंका नाही. एक कागद कमी होईल, एवढंच.

तेव्हा माझा मोबाइल वाजला. एक वाजून बावन्न मिनिटं. फोनमध्ये नोंद आहे, मी ती पुसलेली नाही.

"साहब, बुधराम बोलत हंव. गेट ले."

बुधराम म्हणजे वंदनाच्या स्टेशनजवळच्या फाटकावरचा गेटमन. पन्नाशीचा, जवळच्याच गावचा. जलदान विधीला आला होता, मागे बसून बुद्धवंदना संपेपर्यंत हात जोडून होता, आणि जाताना माझा नंबर लिहून घेऊन गेला होता. त्यानंतर कधी फोन केला नव्हता.

"बोलो बुधराम."

"साहब... मैडम का फोन आया था."

"कौन मैडम?"

"हमारी मैडम, साहब. वंदना मैडम. गेट वाले फोन पे. अभी, दो मिनट हुआ. बोलीं, बुधराम, साहब को बता दो, घर का नंबर नहीं मिला है. इकहत्तर बाकी है. हम बोले, मैडम आप...? तो फोन रख दीं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"साहब, आप गुस्सा मत होना. हम पिए नहीं हैं. हम तो समझे भी नहीं, कौन सा घर का नंबर. बस, बोलीं तो बता दिया."

फाटकावरचा तो फोन बाहेर कुठेही लागत नाही. त्याची तार फक्त स्टेशनात जाते.

मी फोन ठेवला, उठलो आणि बेडरूममध्ये जाऊन कपाट उघडलं. तो कागद वंदनानं उन्हाळ्यात नवीन लावला होता. जुना भरला होता म्हणून. त्यावरचे फक्त तीन नंबर खोडलेले होते. चौथा एकाहत्तर होता.

तो नंबर मला पाठ नव्हता. सलोनीलाही असायचं कारण नव्हतं. नियमच तसा होता की आधी बघून ठेवायचं नाही.

मी बाहेर आलो. अर्ज टेबलावर तसाच होता. दिलीपभाऊ म्हणाले, "काय झालं? कोणाचा फोन?"

मी ओट्याकडे वळलो. म्हटलं, "सलोनी, नंबर दे."

तिचा हात चहाच्या भांड्यावर थांबला. "पापा... अभी?"

"आत्ता. गॅस बंद कर. कपाटापाशी जा, बोट ठेव, आणि नोकरी करते म्हणून नंबर सांग. मग मी सही करतो."

"हे काय नवीन काढलं जिजाजी?"

"नवीन नाही दिलीपभाऊ. या घरातला जुना नियम आहे. तुम्ही एकदा पाहिला आहे."

सलोनी आत गेली. मी दारात उभा राहिलो. तिनं कागदावर बोट ठेवलं. आईचं अक्षर पाहून तिचे खांदे हलले, पण बोट तिथेच होतं. मी वाट पाहिली. एक मिनिट, दोन, किती ते माहीत नाही. खाली दवाखान्यातली मशीन सुरू झाली आणि थांबली.

"नहीं निकल रहा है, पापा," ती म्हणाली. "मुँह से नहीं निकल रहा."

"मग आज नाही ठरणार."

मी अर्जाची घडी घातली आणि दिलीपभाऊंच्या हातात दिली. महिनाभरात पहिल्यांदा मी कुणाला तरी 'नाही' म्हणत होतो. ते फार चिडले. बुधरामच्या फोनबद्दल सांगितलं तेव्हा तर आणखीच. "नाही म्हणाचं होतं तर सरळ म्हणा ना! नाटक काहून करून राहिले? माझ्या मेलेल्या बहिणीले काहून मधात आणता?" चहा न घेता गेले. त्यांना वाटलं, मी बुधरामला पढवून ठेवलं होतं. त्यांच्या जागी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं, आणि मी समासात खूणही केली असती.

म्हणून मी तपास केला. माझा तो स्वभावच आहे.

स्टेशनवर त्या दुपारी ड्यूटीवर असलेल्या तरुण मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "सर, उस टाइम कोई गाड़ी ही नहीं थी, मैं गेट को फोन क्यों करूँगा?" त्यांच्या वहीत त्या अर्ध्या तासात फाटकाशी बोलणं झाल्याची नोंद नव्हती. स्टेशनात दुसरं कुणी नव्हतं. सलोनीला विचारलं, तूच बुधरामला काही सांगितलं होतंस का? ती म्हणाली, "पापा, मुझे इतनी अकल बची होती तो मैं ख़ुद ही मना कर देती ना!" हे उत्तर मला पटलं. तिच्या फोनमध्ये बुधरामचा नंबरही नव्हता.

वंदनानं कधी बोलता बोलता घरच्या कागदाबद्दल बुधरामला सांगितलं असेल का? असेल. तो नाही म्हणतो, पण समजा सांगितलं असेल. कागदावरचा पुढचा नंबर त्याला कसा कळणार? तीन नंबरांपैकी तिसरा तर वंदना गेल्यानंतर खोडला गेला होता. तिचे डोळे दान करायला मी होकार दिला तेव्हा. त्या गोंधळात मी केलेली ती एकच गोष्ट नियमानं केली होती. म्हणजे 'एकाहत्तर बाकी आहे' हे वाक्य ती जिवंत असताना खरं नव्हतंच. तेव्हा त्याच्या आधीचा एक नंबरही बाकी होता.

इथे माझी पेन्सिल थांबते.

आता मला ज्यांच्याशी भांडायचं आहे त्यांच्याकडे येतो.

वर्मा आंटी म्हणाल्या, आत्मा अडकला आहे, शांती करून घ्या, त्यांच्या ओळखीचे एक महाराज आहेत. मी त्यांच्या देखत दाराचा काळा दोरा कापला. त्यांना वाईट वाटलं, पण मी हसून कापला आणि त्यांना आत बोलावून चहा दिला. अडकलेली वंदना नव्हती. अडकलो होतो मी, आणि ते सोडवायला महाराज लागत नाहीत.

विहारातले एक वयस्क उपासक, ज्यांना मी फार मानतो, ते म्हणाले, "हे कुठे बोलू नका सर. लोक म्हणतील, शिकलेलेही परत भुताखेतांकडे चालले." मी त्यांना म्हटलं, काका, मी भूत म्हणत नाही. जे झालं ते वेळेसकट सांगतो. जे माहीत नाही त्याला 'माहीत नाही' म्हणायला कोणता धम्म अडवतो? त्यांना पटलं की नाही, ते मला ठाऊक नाही.

आणि एक डॉक्टर मित्र. त्यानं फार प्रेमानं सांगितलं की शोकात आणि मेंदू थकलेला असताना माणसाला असे भास होतात, निर्णय घ्यायची ताकद संपते तेव्हा मन कुणाच्या तरी आवाजाचा आधार शोधतं. सगळं कबूल. मी थकलो होतो हे मीच इतकं पानभर लिहिलं आहे. पण आवाज मी ऐकला नाही रे! ऐकला बुधरामनं. तो त्या दिवशी बारा वाजता, झोप काढून, जेवून ड्यूटीवर आला होता. थकलेला मी होतो, आणि फोन त्याला आला. हे तू कोणत्या पुस्तकात बसवणार?

सलोनी त्यानंतर दोन दिवस जवळजवळ झोपूनच होती. मी घराचे फोन बंद ठेवले, पाहुण्यांना दारातून परत पाठवलं. भावकीत बोलणी झाली, होऊ दिली. त्या गुरुवारपासून अकराव्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून, केस पुसत कपाटापाशी गेली. मी बोलावलं नव्हतं. तिनं एकाहत्तर सांगितला आणि खोडला. एम.एस्सी.साठी. मग स्वतः मामांना फोन लावला. मी शेजारी होतो, पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"मामा, नोकरी मले नाही करायची," ती म्हणाली. मराठीत. "मम्मीची नोकरी होती ती. मम्मीनं केली. मी दगडच पाहणार आहे."

पलीकडून काय आलं ते कळलं नाही, पण ती शेवटी हसली. रागावलेल्या माणसाशी बोलताना वंदना जशी हसायची तशी नव्हे; तिची तिची. आता ती त्या दुसऱ्या शहरात आहे. चांगलं ठरलं की वाईट, ते पुढे कळेल. ठरवताना ती जागी होती, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, आणि ज्यांना त्यात बापाचा मूर्खपणा दिसतो त्यांनी खुशाल पाहावा.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी त्या फाटकावर गेलो. दुपारची वेळ, बुधराम ड्यूटीवर. त्यानं बाकावरची धूळ गमछ्यानं झटकली, मला बसायला लावलं, फोन दाखवला. भिंतीवरचा जुना काळा डबा. मी हात लावला नाही. एक मालगाडी गेली. त्यानं आधी कागदावर बोट ठेवून नंबर दिला, खोडला, आणि गाडी गेल्यावर फाटक उघडलं. ट्रॅक्टर गेले, सायकली गेल्या. मला त्याला बरंच विचारायचं होतं. आवाज नक्की तिचाच कशावरून, किती वेळ बोलली, मागे काही आवाज होता का... यादी करून नेली होती मी. ती खिशातच राहिली.

त्या सकाळी 'झोपू द्या मले' म्हणताना तिचा आवाज कसा होता, तो माझ्या कानांतून सात महिने गेलेला नाही. तेवढा एकच प्रश्न मी विचारला.

"बुधराम, थकी हुई लग रही थीं क्या?"

त्यानं क्षणभरही विचार केला नाही.

"नइ साहब," तो म्हणाला. "उही बात तो मोला अजीब लगिस. मैडम को हम आठ साल सुने हैं, ड्यूटी के आख़िरी में आवाज़ बैठ जाती थी उनकी. उस दिन तो एकदम ताज़ी थीं. जैसे पूरी नींद लेके उठी हों."